आलं तसं पुढं पाठवलं

मंडळी, हल्ली आपल्या घराघरांत एक वाक्य फार लाडकं झालं आहे. "मी काही लिहिलं नाही बुवा, आलं तसं पुढं पाठवलं." इंग्रजीत त्याचं 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' असं भारदस्त रूप आहे. संदेशाच्या शेपटाला हे तीन शब्द चिकटवले की आपण गंगेत न्हालो. खरं असेल तर माहिती दिल्याचं पुण्य आपलं, खोटं निघालं तर पाप लिहिणाऱ्याचं. आपण काय, नुसते पोस्टमन!

या पोस्टमनशी माझं भांडण आहे. खरा पोस्टमन पाकीट फोडून वाचत नाही, आणि कुणाला द्यायचं हेही तो ठरवत नाही. आपण आधी वाचतो, "अरे बापरे!" म्हणतो, यातलं कोणतं कुठल्या ग्रुपवर रंगेल हे ठरवतो आणि मग बोट दाबतो. हे पोस्टमनचं काम नव्हे, संपादकाचं आहे. आपण सगळे रोज सकाळी चहा पिता पिता संपादक होतो, फक्त संपादकाची जबाबदारी तेवढी आपल्याला नको असते. ब्लॉग आले, फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं आणि प्रत्येकाला छापखाना मिळाला याचा मला आनंदच आहे. पण ज्या शब्दांनी माणसाची अब्रू जाते, त्या शब्दांखाली कुणाचं तरी नाव असलं पाहिजे आणि ते नाव पुढे पाठवणाऱ्याचं असलं पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

निनावी लिहिणं आपल्याला नवं नाही. मुलीचं लग्न ठरलं की वरपक्षाकडे एखादं निनावी पत्र जायचंच. पण तेव्हाच्या घरांत एक शिस्तही होती. घरातलं वडीलधारं माणूस पत्र उलटून आधी शेवट बघायचं. "खाली सही नाही? मग फाडून टाक." सगळीच घरं इतकी शहाणी नव्हती, तशा पत्रांनी लग्नं मोडलीही. तरी सही नसलेल्या कागदाची किंमत काय, हे निदान माहीत होतं. शिवाय पाठवणाऱ्याला ते स्वतःच्या हातानं लिहावं लागे आणि अक्षरावरून तो पकडला जाई. संतोषी मातेची पोस्टकार्डं आठवतात? 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल.' अकरा पोस्टकार्डं विकत आणून लिहिता लिहिता हात भरून यायचा. सातव्या कार्डापाशी माणूस विचार करायचा, की हे मी कशासाठी करतोय? आता सातवं कार्ड उरलेलंच नाही. अंगठा एकदा टेकवला की दोनशे घरं. विचार करायला जी उसंत मिळायची, तीच गेली.

यावर कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, गप्पाच तर आहेत. म्हणून आपल्या अंगणातलीच एक गोष्ट सांगतो. बॉस्टन मॅरेथॉन सुरू होते ते हॉपकिंटन गाव श्रूजबरीहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी या शर्यतीच्या अखेरच्या रेषेपाशी दोन बॉम्ब फुटले. तिघं गेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले. तीन दिवसांनी, १८ एप्रिलला, एफबीआयने दोन संशयितांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. झालं! हजारो हौशी गुप्तहेर रेडिट आणि ट्विटरवर कामाला लागले. त्यांना एक मुलगा सापडला. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात शिकणारा, बावीस वर्षांचा, भारतीय वंशाचा. तो स्फोटाच्या महिनाभर आधीपासून, १६ मार्चपासून, बेपत्ता होता. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी फेसबुकवर पान काढलं होतं आणि त्यावर त्याचे हसरे फोटो लावले होते. तेच फोटो एफबीआयच्या धूसर चित्राशेजारी ठेवून लोकांनी निकाल दिला, की हाच तो! त्या रात्री पोलिसांच्या रेडिओवर त्याचं नाव ऐकल्याचंही कुणीतरी ठोकून दिलं. मोठमोठे अनुयायीवर्ग असलेल्या पत्रकारांनी ते पुढं पाठवलं. आलं तसं.

ज्या पानावर घरचे लोक "आमचा मुलगा कुठं दिसला का?" असं विचारत होते, त्या पानावर रात्रभर शिव्यांचा पाऊस पडला. शेवटी त्यांना ते पानच बंद करावं लागलं. मुलगा हरवलेला, आणि त्याला शोधायचं साधनही गेलं. पहाटे खऱ्या संशयितांची, त्सारनाएव भावांची, नावं जाहीर झाली आणि गर्दी निर्लज्जपणे दुसरीकडे वळली. २२ एप्रिलला रेडिटच्या व्यवस्थापकांनी जाहीर माफी मागितली. २३ तारखेला प्रॉव्हिडन्सच्या पाण्यात त्या मुलाचा मृतदेह मिळाला. स्फोटाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो. त्या रात्री ती मॅसॅच्युसेट्समध्ये घडली. त्या मुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते आधीच फार लोकांनी टाइप केलं आहे.

आता याच आठवड्यातली दुसरी गोष्ट बघा. १८ एप्रिललाच 'न्यू यॉर्क पोस्ट' या वर्तमानपत्राने मॅरेथॉन बघायला आलेल्या दोन निरपराध तरुणांचा फोटो पहिल्या पानावर ठळक छापला. मथळा असा, की वाचणाऱ्याला तेच गुन्हेगार वाटावेत. त्यातला एक तर सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. म्हणजे छापील वर्तमानपत्र काही सोवळं नाही, हे मी आधीच कबूल करतो. फरक पुढे आहे. त्या दोघांनी त्याच वर्षी बॉस्टनमध्ये वर्तमानपत्रावर दावा लावला आणि २०१४ मध्ये वर्तमानपत्राला तडजोड करावी लागली. दावा लावता आला, कारण वर्तमानपत्राला पत्ता होता, मालक होता, संपादक होता. ब्राउनच्या मुलाच्या घरच्यांनी कुणावर दावा लावायचा? हजारो अंगठ्यांवर?

शब्दाची किंमत मोजणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी परदेशातून शिकवायला नको. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. पहिलं वर्ष सरता सरताच त्यांनी कोल्हापूरचं प्रकरण हाती घेतलं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजीचा, छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप होता. पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावाची काही पत्रं हाती आली. पत्रांनी ती वापरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट निघाली. आजच्या भाषेत बोलायचं तर आगरकर आणि टिळक यांच्याकडे एक 'फॉरवर्ड' आला होता, त्यांनी तो खरा मानला आणि प्रसिद्ध केला.

पुढे काय झालं? "आली तशी छापली, आमचा काय दोष?" असं म्हणून ते सुटले नाहीत. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला चालला. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ते एकशे एक दिवस आहेत. आणि गंमत अशी, की महाराजांविषयीची त्यांची काळजी मुळात खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाबरोबर झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. हेतू चांगला होता, काळजी खरी होती, तरीही खोट्या कागदाची किंमत दोघांनी चुकवली. सुटल्यावर लोकांनी त्यांचा जयजयकार केला. माझ्या मते त्याचं मोठं कारण हेच, की लिहिलेल्या शब्दामागे ही माणसं उभी राहतात, हे लोकांनी पाहिलं. 'केसरी'च्या शब्दाला पुढे जे वजन आलं, त्यात डोंगरीचाही वाटा आहे.

आपल्या गणेशोत्सवात टिळकांच्या तसबिरीला हार घालताना हे एकशे एक दिवस आठवावेत. आपल्यावर तर कुणी तुरुंगात जायची वेळ आणत नाही. नुसतं "ते चुकीचं होतं, मीच पाठवलं होतं" एवढं त्याच ग्रुपवर लिहायचं असतं. तेवढ्यानेही आपली बोटं लुळी पडतात.

या बेजबाबदारीचं टोक कुठे जातं, तेही महाराष्ट्रात दिसलं. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत, अशा अफवा फोनाफोनी पसरत होत्या. तेव्हा देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मूळ फितीत मोटारसायकलवरची माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि 'मूल पळवायला क्षणभर पुरतो' असं बजावतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेलं फिरत राहिलं. १ जुलै २०१८ला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. ते होते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. ज्या महाराष्ट्राने दारी आलेल्या गोसाव्याला पिढ्यान्‌पिढ्या मूठभर पीठ घातलं, त्याच महाराष्ट्रात हे घडलं. जिवानिशी मारणारे हात राईनपाड्यातले होते. पण ती अफवा पुढं पाठवणारे हात किती, आणि ते कुठल्या कुठल्या गावांत, शहरांत, देशांत होते, याचा हिशेब कोण करणार? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. म्हणजे जे भान आपल्याला असायला हवं होतं, ते एका कंपनीला यंत्रात बसवावं लागलं.

यावर माझे काही मित्र उसळून म्हणतात, "म्हणजे लोकांची तोंडं बंद करायची? सोशल मीडिया नसता तर बड्या धेंडांची लफडी बाहेर आली असती का?" प्रश्न रास्त आहे. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं, त्यांना या माध्यमांनी आवाज दिला, हे मला मान्य आहे. आणि पोलिसांच्या दंडुक्याने हा प्रश्न सुटेल, असंही मला वाटत नाही. उलट तो दंडुका नेमका कुणावर पडतो, ते पालघरने दाखवलं. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी आपलं मत फेसबुकवर स्वतःच्या नावानं लिहिलं, मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. तिच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. ज्या कायद्याचा तेव्हा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं '६६-अ' कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. चांगलं झालं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. जिने स्वतःच्या नावानं साधं मत मांडलं ती पकडली गेली, आणि ज्यांनी बिननावाची अफवा रानभर पसरवली त्यांचा मागमूस नाही. म्हणून मी सरकारकडे काही मागत नाही. मी आपल्याकडे मागतो आहे.

शिवाय इथे अमेरिकेत कायदा आपल्याला अडवणारही नाही. १९९६च्या कायद्यातल्या २३०व्या कलमानं, दुसऱ्यानं लिहिलेलं इंटरनेटवरून पुढं पाठवणाऱ्याला बऱ्याच अंशी अभय दिलं आहे. पण आपल्या राज्याचा आणखी एक जुना, १९०२ सालचा कायदा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. त्यानुसार लिहिलेलं खरं असलं, तरी ते द्वेषबुद्धीनं लिहिलं असेल तर खरेपणाचा बचाव चालेलच असं नाही. शेजारच्या फ्रेमिंगहॅममधल्या 'स्टेपल्स' कंपनीने प्रवासखर्चाच्या कारणावरून एका माणसाला काढलं आणि ते त्याच्या नावानिशी सुमारे दीड हजार कर्मचाऱ्यांना ई-मेलने कळवलं. फेब्रुवारी २००९मध्ये बॉस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं, की मजकूर खरा असला तरी हेतू काय होता हे ज्यूरीपुढे जाऊ दे. पुढे ज्यूरीने कौल कंपनीच्या बाजूनं दिला. निकाल कुणाच्या का बाजूनं लागेना, विचारलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो. 'हे खरं आहे का?' या प्रश्नाबरोबर 'हे मी दीड हजार जणांना कशासाठी सांगतो आहे?' हाही प्रश्न असतो.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. गावाकडे माणसाच्या अब्रूला तीन पिढ्यांची तुळई असायची. "अमक्याच्या मुलानं पैसे खाल्ले" अशी कुजबुज झाली, तर पारावर बसलेला एखादा म्हातारा म्हणायचा, "शक्य नाही. मी त्याच्या आज्याला ओळखत होतो." अफवा अशा आठ-दहा माणसांवर आपटत आपटत थकून जायची. इथे श्रूजबरी, वेस्टबरो, नॉर्थबरो या टापूत आपण एकमेकांना किती ओळखतो? गणपतीला भेटतो, दिवाळीला भेटतो, संक्रांतीला तिळगूळ देतो. कुणाचा आजा कोण, कुणालाच ठाऊक नाही. इथे माणसाची अब्रू म्हणजे त्यानं दहा-पंधरा वर्षांत स्वतः जमवलेली पुंजी. राउट नाइनवरच्या दुकानात धनेपूड घेताना जेवढं बोलणं होतं, तेवढीच ओळख. अशा ठिकाणी एक ओळ आली, की ज्यांना तो माणूस नीट माहीत नाही, त्यांच्यासाठी ती ओळ म्हणजेच तो माणूस होऊन बसतो.

आणि ती ओळ येते कशी? "काल त्यांच्याकडच्या पुरणपोळीनंतर तीन जणांची पोटं बिघडली म्हणे." हे 'म्हणे' कुणाचं, कुणी विचारत नाही. डबे देणारी एखादी बाई, नवऱ्याची नोकरी गेलेल्या वर्षी त्या पोळ्यांवर घर चालवत असते. पुढच्या आठवड्यात तिच्या ऑर्डरी निम्म्या होतात आणि का झाल्या, हे तिला महिनाभर कळत नाही, कारण त्या ग्रुपवर ती नसते. तेच मंडळाच्या खजिनदाराचं, तेच शनिवारी मराठी शिकवणाऱ्या ताईंचं, तेच घटस्फोट होत असलेल्या एखाद्या जोडप्याचं. पारावर आरोप झाला तर आरोपी निदान वाटेनं जाताना ऐकायचा आणि उलट विचारायचा. आपल्या बंद ग्रुपांवर आरोप, साक्ष आणि निकाल सगळं पंधरा मिनिटांत उरकतं, आणि ज्याच्याविषयी चाललं आहे तो तेव्हा मुलाला सॉकरला सोडायला गेलेला असतो. आपली मुलं हे बघत असतात. शाळेत 'बुलिंग करू नका' म्हणून शिकवतात, आणि घरी आई-बाबा चहाबरोबर तेच करताना दिसतात.

नुसता नाकानं कांदे सोलण्यात अर्थ नाही, म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, माणसाच्या चारित्र्याविषयी, पैशाविषयी किंवा धंद्याविषयी काही लिहायचं तर ते स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावानं, 'मी पाहिलं' किंवा 'माझ्या बाबतीत झालं' असं लिहावं. तसं लिहिता येत नसेल, तर ते आपल्याला माहीतच नाही असं समजावं. दुसरी, ज्याच्याविषयी आहे त्याला आधी फोन करावा. "वहिनी, परवाच्या पोळ्यांचं जरा असं झालं," हे म्हणायला दोन मिनिटं लागतात. खरं असेल तर त्या सुधारतील, खोटं असेल तर तिथेच संपेल. आणि त्यांनी ऐकलंच नाही, तर पहिला नियम आहेच, स्वतःच्या नावानं खुशाल लिहा. तिसरी, चूक कळली की ज्यानं पाठवलं त्यानंच, ज्या ग्रुपवर पाठवलं त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती करावी. गुपचूप 'डिलीट फॉर एव्हरीवन' करणं ही दुरुस्ती नव्हे, कारण वाचलेलं मनातून पुसलं जात नाही. मंडळाचे जे अधिकृत ग्रुप आहेत, त्यांच्यासाठी तरी नव्या कार्यकारिणीने हे नियम लेखी करावेत आणि मोडणाऱ्याला, मग तो माजी अध्यक्ष का असेना, जाहीरपणे आठवण द्यावी.

यानं गप्पांची मजा जाईल, असं काही जण म्हणतील. कोकणस्थ-देशस्थ, पुणे-नागपूर, मिसळ कुठली खरी, यावर आपण खुशाल रात्र रात्र भांडू. त्यानं कुणाच्या घरची चूल विझत नाही. कुणाचं चुकत असेल तर ते चारचौघांत, त्याच्या तोंडावर सांगण्याची हिंमतही ठेवू. माझा आक्षेप फक्त पाठीमागून, बिननावाने सोडलेल्या बाणाला आहे.

ही स्मरणिका चाळताना बघा, प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे आणि आतल्या पानावर संपादक मंडळाची नावं आहेत. या लेखातलं काही चुकलं असेल, तर मला कुठे गाठायचं हे आपल्या सर्वांना माहीत आहे. येत्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी उभा असेन. तिथे येऊन खुशाल भांडा, सर्वांदेखत.